बर्बर भाषा म्हणजे अरबीची बोली? नाही हो
मोरोक्कोला जायचं ठरलं की एक फॉरवर्ड हमखास येतो, की अ‍ॅटलासच्या डोंगरातले बर्बर म्हणजे अरबच, त्यांची भाषा म्हणजे गावठी अरबी आणि तिला लिपीसुद्धा नाही.

असं वाटणं साहजिक आहे, कारण ते बहुतेक मुसलमान आहेत आणि बरेच जण अरबीही बोलतात. पण अरब तिथे आले ७व्या शतकात, हे लोक त्याच्या कितीतरी आधीपासूनचे. ते स्वतःला अमाझिघ म्हणवतात. भाषेचं अरबीशी नातं आहे, पण लांबच्या चुलत बहिणीसारखं.

खात्री करायचीय? इमलीलसारख्या डोंगरातल्या गावात पुदिन्याचा चहा पिता पिता घरातल्या आजींना एक दोन तीन मोजायला सांगा, त्या म्हणतील यान, सिन, क्राड, अरबीत तेच वाहिद, इथनान, थलाथा. रोटी इकडे अघ्रुम, अरबीत खुब्झ. मला तर हे ऐकण्यातच खरी मजा वाटते.

आणि लिपी? सरकारी इमारतींच्या पाट्या नीट बघा, अरबी आणि फ्रेंचसोबत बरेचदा गोल, रेघा, फुल्यांची एक ओळ असते, ती तिफिनाघ. तिचं जुनं रूप दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखांत सापडतं, आणि २०११च्या राज्यघटनेत ही भाषा अधिकृतही झालीय.