तुमच्या भिंतीवरचं वारली चित्र वाचताना

आमच्या दुकानात वारली चित्र बघणाऱ्या दहांतल्या सहा माणसांचा पहिला प्रश्न एकच असतो: "यांना नाक-डोळे का नाहीत हो?" काउंटरवर गर्दी असली की उत्तर अर्धवट राहतं, म्हणून हे पत्रक. चित्र घरी नेल्यावर सावकाश वाचा.

वारली माणूस दोन त्रिकोणांचा असतो. एक वर, एक खाली, आणि दोघांची टोकं कमरेत भिडलेली. वर डोक्याचा गोल, हातापायांच्या काड्या. डोक्यामागे अंबाड्याचा छोटा गोळा दिसला की ती बाई. बस, इतकंच. आता तुमच्या चित्रात भात लावणारी बाई शोधा. वरचा त्रिकोण पुढे झुकलेला दिसेल. ओझं नेणारा, झाडावर चढणारा, नाचणारा, प्रत्येकाचे त्रिकोण वेगळ्या कोनात कललेले असतात. चेहऱ्याने सांगायचं ते इथे कंबर सांगते. गोल सूर्य-चंद्रावरून आला, त्रिकोण डोंगरावरून आणि झाडांच्या शेंड्यांवरून, असं सांगतात. दोन त्रिकोण म्हणजे विश्वाचा तोल, असंही म्हणतात. असेल. आम्हाला मात्र ते कमरेचं बारीक टोकच जास्त आवडतं, कारण सगळी हालचाल तिथून निघते.

नाव-गाव कळेल असा चेहरा नसल्यामुळे अजून एक गोष्ट होते. चित्रातला माणूस अमुक एक राहत नाही. तो पेरणारा होतो, मासे धरणारा होतो.

चौकोनाची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि ती जरा नीट समजून घ्यावी लागते. निसर्गात चौकोन सहसा दिसत नाही. तो माणसाने आखलेला. वारली आदिवासींच्या घरी लग्न असलं की आतल्या भिंतीवर चौक, म्हणजे नक्षीचा चौकोन, लिहितात. होय, चौक 'लिहितात' म्हणायची पद्धत आहे. कुडाची भिंत शेणाने सारवून त्यावर गेरू, तांदळाचं पीठ पाण्यात कालवून केलेला पांढरा रंग, आणि टोकाला चावून कुंचल्यासारखी केलेली बांबूची काडी. लिहिणाऱ्या असतात सवाशिणी. लग्न लावणारी धवलेरी, म्हणजे तीही बाईच, गाणी म्हणून देवांना बोलावते. चौकाशिवाय लग्न लागत नाही.

चौकाच्या आत पालघट देवी. भरून वाहणारा घट, तशी ही देवी: झाडापाल्याची, पिकाची, सुफलतेची. तिच्या भोवती नक्षीच्या पट्ट्यांवर पट्ट्या, मग सूर्य, चंद्र, फणी, शिडी. शेजारी लहान चौकात पंचशिऱ्या देव, बहुतेक वेळा घोड्यावर. याचं पाच शिरांचं रूप नीट पाहा. कधी डोक्याच्या जागी अंकुर फुटल्यासारखी कणसं दिसतात. नव्या जोडप्याचं घर आणि शेत दोन्ही पिकू दे, एवढी मागणी त्यात आहे, आणि ती एका अक्षराशिवाय केलेली आहे.

हे इतकं सविस्तर सांगायचं कारण असं की आमच्याकडे नेमप्लेटला, चहाच्या ट्रेला, एकदा तर पायपुसण्याला चौक मागणारे लोक येतात. नेमप्लेटसाठी आम्ही नक्षीच्या पट्ट्या देतो, देवी देत नाही. पायपुसण्याचं काम आम्ही घेतलं नाही. ग्राहक थोडे नाराज झाले, पण आमच्याकडे चित्र काढणाऱ्या ताईंना ते विचारायचीही आमची हिंमत नव्हती.

तारप्याचा नाच तुम्ही ओळखत असालच. हॉटेलांच्या भिंतींपासून साडीच्या पदरापर्यंत तो सगळीकडे पोचलाय. तारपा म्हणजे भोपळा आणि बांबू वापरून केलेलं, फुंकून वाजवायचं लांब वाद्य. वाजवणारा मधे, आणि नाचणाऱ्यांची साखळी एकमेकांच्या कमरेभोवती हात घालून त्याच्याभोवती. तो जिकडे वळेल तिकडे साखळी वळते. तारप्याकडे पाठ करायची नसते. म्हणून अस्सल चित्रात ती साखळी बहुधा आत आत जाणारी गुंडाळी असते, एक टोक मोकळं ठेवलेली. छापील मालात सोयीसाठी तिचं बंद कडं करून टाकतात. तुमच्या हातातलं चित्र कुठल्या जातीचं आहे, हे बघायची ही सोपी खूण.

झाडाखाली शांत बसलेला वाघ दिसला तर घाबरवण्यासाठी नाही तो. तो वाघदेव. वाघबारशीला त्याची पूजा होते. जंगलात राहणाऱ्यांनी शेजाऱ्याशी ठेवलेला हा व्यवहार आहे.

आणि चित्राला वर-खाली शोधत बसू नका. क्षितिज नाही, जवळचं मोठं आणि दूरचं लहान असा नियम नाही. एकाच कागदावर पेरणी, कापणी, खळं, लग्न सगळं चालू असतं. आम्ही तर ग्राहकांना सांगतो, कुठल्याही कोपऱ्यातून सुरुवात करा, गोष्ट सापडते.

भिंतीवरून ही चित्रं कागदावर आली ती १९७० च्या दशकात. त्याआधी बिहारमधल्या मधुबनीत काम केलेले चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणू भागात आले आणि त्यांनी कागद पुढे केला. तोवर ही बायकांची, लग्नसराईची कला होती. जिव्या सोमा मशे या पुरुषाने मात्र लग्नाची वाट न पाहता रोज चित्र काढायला घेतलं. ते डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे. लहानपणी आई गेल्यावर त्यांनी बोलणं सोडलं आणि मातीत रेघा ओढून ते आपलं म्हणणं सांगत, असं सांगतात. त्यांच्या मासेमारीच्या चित्रात जाळं अख्ख्या चित्रभर पसरतं, अगदी बारीक रेघांचं, आणि माणूस त्यापुढे एवढासा. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली; २०१८ मध्ये ते गेले. वारली चित्रांना आता भौगोलिक मानांकनही आहे.

ऑर्डर देताना "चार बाय तीन, दिवाणखान्यासाठी" एवढंच सांगू नका. प्रसंग सांगा. मुलगी झाली, आजोबांची शेती होती, गावाकडचं घर विकलं, जे असेल ते. एका काकांनी विहिरीवर गेलेल्या बालपणाबद्दल पाच मिनिटं सांगितलं, आणि ताईंनी विहिरीकडे जाणारी पायवाटच चित्राच्या मधून नेली. गणपती, क्रिकेट, मेट्रो हेही त्या काढतात, आनंदाने काढतात. फक्त त्याला पारंपरिक चित्र म्हणून विकायला आम्ही तयार नाही. पावतीवर तसं लिहून देतो.

काळजीचं थोडक्यात. कापडावरच्या गेरूला ओलं फडकं लावू नका. पांढरा रंग निघतो. आजकाल बरेचदा पांढरा पोस्टर कलर डिंकात मिसळून वापरतात, तो तांदळाच्या पिठापेक्षा टिकतो, पण पाण्याचं त्याचंही वाकडंच. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका. उन्हाच्या भिंतीवर आणि बाथरूमलगतच्या भिंतीवर लावू नका. फ्रेम करताना काच आणि चित्र यांत थोडी जागा हवी. पावसाळ्यात मागच्या पुठ्ठ्याला बुरशी धरली तर चित्र घेऊन या, पुठ्ठा बदलून देऊ. आमच्याकडून घेतलेल्या चित्रांना त्याचे पैसे पडत नाहीत.