दोन नायकांपैकी एकाला ‘बायको’ करावं लागतं का?

समलिंगी प्रेमकादंबरी लिहू पाहणाऱ्यांना वर्षानुवर्षं एक सल्ला मिळत आलाय: दोघांपैकी एकाला रांगडा करा, दुसऱ्याला नाजूक, नाहीतर वाचकाचा गोंधळ उडतो.

गोंधळ उडतो हे खरं, म्हणूनच सल्ला पटतो. पण कारण वेगळं आहे. ‘त्याने हात त्याच्या खांद्यावर ठेवला’ अशी वाक्यं लागोपाठ आली की कोण कोणाबद्दल हेच कळेनासं होतं. त्यासाठी स्वभाव वाटून द्यायची गरज नाही. एका परिच्छेदात ‘तो’ एकासाठीच राखा, दुसऱ्याला नावानेच आणा आणि दोघांच्या हातांना वेगळी कामं द्या: एक फाटलेलं जाळं सांधतोय, दुसरा बर्फाच्या पेट्या मोजतोय.

पडताळून पाहायचं तर एका प्रसंगातले संवाद नावं काढून कुणाला तरी वाचायला द्या. कोणाला काय हवंय, कोण कशाला घाबरतोय यावरून माणसं ओळखू आली, की ‘नवरा-बायको’ची विभागणी अनावश्यक होती हे दिसतं.

कथेतला ताणही त्या विभागणीतून येत नाही, तो परिस्थितीतून येतो. समजा, कथा किनाऱ्यावरच्या लहान गावात घडते. तिथे सगळे सगळ्यांना ओळखतात. एकांत मिळतो तो ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांमागे. इथे मात्र हिशेब काटेकोर हवा. बहुतेक किनाऱ्यांवर भरती-ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. या सोमवारी सहाला पूर्ण ओहोटी असेल, तर पुढच्या सोमवारी सहाला जवळपास भरती असते आणि ती जागा पाण्याखाली जाते.