फॉरमॅट मारायच्या आधी

कॉम्प्युटर हळू चालतोय? फॉरमॅट मारा, म्हणजे डिस्क पूर्ण पुसून विंडोज नव्याने टाका. आवाज येत नाही? फॉरमॅट मारा. साइट उघडत नाहीत? बघतो, पण बहुतेक फॉरमॅटच मारावा लागेल. आपल्याकडे हा एकच उपाय इतका चालतो की लोकांना वाटायला लागलंय कॉम्प्युटरला दुसरं औषधच नाही. फॉरमॅट मारून बऱ्याचदा प्रॉब्लेम जातो पण, नाही असं नाही, पण तो आला कशामुळे ते कोणालाच कळत नाही, आणि कारण हार्डवेअरमधलं असेल तर थोड्या दिवसांनी तो परत हजर होतो आणि मधल्यामधे घरातले फोटो, हिशोबाच्या फायली, पोरांचे प्रोजेक्ट गेलेले असतात. मला हे फार खटकतं. कारण बिघाड शोधायची पद्धत काही अवघड नाहीये, प्रयोगशाळेत वापरतात तीच आहे: एक अंदाज बांधायचा, तो चुकीचा असेल तर लगेच कळेल अशी छोटी टेस्ट करायची, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

त्यातही टेस्ट शक्यतो अशी निवडायची की निम्म्या शक्यता एका फटक्यात बाद होतील. समजा १००० शक्यता आहेत आणि दर टेस्टला निम्म्या गळाल्या, तर १० टेस्टमध्ये एकच उरते. घरच्या कॉम्प्युटरला एवढ्या पण लागत नाहीत. नेट चालत नाहीये ना, मग त्याच वायफायवर मोबाईल चालतोय का बघा (मोबाईल डेटा बंद करून हां). चालत असेल तर राउटर, बाहेरची लाइन, कंपनी सगळं बाद, दोष कॉम्प्युटरमध्येच. मग कमांड प्रॉम्प्ट (विंडोजमध्ये हुकूम टाइप करायची काळी खिडकी) उघडून पिंग ८.८.८.८ करायचं, म्हणजे त्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतंय का बघायचं, हा गूगलच्या डीएनएस सर्व्हरचा पत्ता आहे. तिकडून उत्तर येतंय पण कुठलीच साइट नावाने उघडत नाही म्हणजे नेट आहे, फक्त साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारी डीएनएस अडकलीये. सेटिंगमध्ये डीएनएस बदलला की बहुतेक वेळा काम होतं. दोन टेस्ट झाल्या फक्त, आणि एकही स्क्रू उघडला नाही.

माझी आवडती केस मात्र घड्याळाची आहे. जुना डेस्कटॉप असतो, एके दिवशी ब्राउझर प्रत्येक साइटवर कनेक्शन सुरक्षित नाही म्हणून लाल इशारा द्यायला लागतो, घरात सगळ्यांना वाटतं व्हायरस आला. उजवीकडे खालच्या कोपऱ्यात तारीख बघा, कित्येक वर्षं मागची दिसेल! मदरबोर्डवर एक चपटा गोल सेल असतो, सीआर २०३२ नावाचा, ३ व्होल्टचा, २० मिलिमीटर व्यासाचा. वीज बंद असताना घड्याळ चालू ठेवायचं काम त्याचं. घड्याळात क्वार्ट्‌झचा बारीकसा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, आणि हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे कारण तो २ चा पंधरावा घात आहे, साध्या सर्किटने पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर सेकंदाला एक टिक मिळते. पीसीला वीज असेल, नुसती स्टँडबाय का असेना, तर घड्याळ त्या विजेवर चालतं आणि सेल वाचतो. आपल्याकडे रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची सवय, मे महिन्यात गावाला जाताना तर मेन स्विचच बंद, म्हणजे तेवढा वेळ सगळा भार सेलवर. तो लवकर संपतो यात नवल नाही.

पण सेल संपला तर साइट का बंद पडाव्यात? कारण प्रत्येक सुरक्षित साइट आपलं एक डिजिटल प्रमाणपत्र दाखवते आणि त्यावर अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत वैध असं लिहिलेलं असतं. ब्राउझर ती मुदत कॉम्प्युटरच्या घड्याळाशी ताडून बघतो. घड्याळ २०१५ दाखवत असेल तर आजचं प्रमाणपत्र त्याच्या दृष्टीने अजून सुरूच झालेलं नाही, म्हणून तो दार लावून घेतो, आणि ते बरोबरच करतो. काही जुन्या बोर्डांवर याच सेलच्या जोरावर बायोसची (विंडोजच्या आधी उठणाऱ्या, बोर्डवरच्या प्रोग्रॅमची) सेटिंगं पण टिकतात, ती उडाली की कॉम्प्युटरला कधीकधी स्वतःची हार्ड डिस्क सापडत नाही आणि लोक डिस्क गेली म्हणून हळहळत बसतात. उपाय काय, तर आत्तापुरती तारीख हाताने बरोबर करा, आणि मग पीसी बंद करून, वायर काढून, नवा सेल अधिक खुणेची बाजू वर ठेवून बसवा. किरकोळ किमतीचा सेल आहे. यासाठी फॉरमॅट मारला तर तारीख तर चुकीची राहतेच, वर डेटा पण जातो.

आता रीस्टार्टबद्दल. बंद करून चालू करा हा सल्ला लोक हसण्यावारी नेतात पण त्याच्यामागे पक्कं कारण आहे. प्रोग्रॅम मेमरी मागतात आणि काही वेळा परत द्यायला विसरतात, ड्रायव्हर (म्हणजे विंडोज आणि हार्डवेअर यांच्यामधले दुभाषी प्रोग्रॅम) कुठल्यातरी विचित्र अवस्थेत अडकून बसतात, रीस्टार्ट केलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून भरलं जातं. गंमत अशी की विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, शट डाउन केलं तरी हे पूर्ण होत नाही. फास्ट स्टार्टअप नावाची सोय असते, ती तुमचे प्रोग्रॅम बंद करते पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर जसेच्या तसे डिस्कवर एका फाइलमध्ये साठवते आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच उचलते, म्हणजे कालचा अडकलेला ड्रायव्हर आज पण अडकलेलाच. म्हणून रोज रात्री शट डाउन करणाऱ्याने सुद्धा प्रॉब्लेम आला तर मेन्यूतलं रीस्टार्टच दाबायचं, त्यात ही सोय वापरली जात नाही. टास्क मॅनेजरमध्ये (कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबलं की उघडतो) परफॉर्मन्सखाली सीपीयूवर क्लिक केलं की अप टाइम, म्हणजे विंडोज किती वेळ सलग चालू आहे ते दिसतं, ते बघा एकदा. रोज बंद होणाऱ्या मशीनवर कित्येक दिवसांचा आकडा दिसू शकतो.

रीस्टार्टने पण जमलं नाही तर सेफ मोड. शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्टवर क्लिक करायचं, मग ट्रबलशूटमधून आत जात स्टार्टअप सेटिंग्ज. इथे विंडोज अगदी गरजेपुरतेच ड्रायव्हर घेऊन उठतं. सेफ मोडमध्ये सगळं नीट चाललं तर संशय बाहेरून आलेल्या ड्रायव्हरवर किंवा सॉफ्टवेअरवर, तिथेही तोच त्रास असेल तर हार्डवेअर किंवा खुद्द विंडोज. परत निम्म्या शक्यता बाद. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळ्या स्क्रीनवर आणले, आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, तेव्हाचा इलाज पण हाच होता: सेफ मोडमध्ये जायचं, ती एक सदोष फाइल काढायची, रीस्टार्ट करायचं. क्लाउडवरच्या, म्हणजे कंपन्यांनी नेटवरून भाड्याने घेतलेल्या काही मशीनना तर १५ वेळा रीस्टार्ट करून बघायचा सल्ला होता, कारण क्रॅश व्हायच्या आत दुरुस्त फाइल नेटवरून खाली उतरली तर मशीन वाचत होतं.

हळू चालणाऱ्या कॉम्प्युटरला त्याच टास्क मॅनेजरमध्ये, कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून, आधी विचारा की नक्की काय भरलंय. डिस्क सतत १०० टक्के दिसत असेल आणि आत जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर हिशोब सोपा आहे. मिनिटाला ५४०० फेरे म्हणजे एक फेरा ११ मिलिसेकंदांचा, हवी ती जागा हेडखाली (माहिती वाचणाऱ्या टोकाखाली) यायला सरासरी अर्धा फेरा, त्यात हेड सरकायचा वेळ धरला की विखुरलेली माहिती सेकंदाला ६०-७० वेळाच वाचता येते. एसएसडीत, म्हणजे चिपवर माहिती ठेवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काहीच नसल्यामुळे तेच काम हजारो वेळा होतं. मेमरी भरलेली असेल तर विंडोज जास्तीचा माल डिस्कवर टाकत राहतं, म्हणजे ओट्यावर जागा नाही म्हणून प्रत्येक डबा माळ्यावर ठेवायचा आणि चिमूटभर मीठ हवं तरी शिडी लावायची. अशा वेळी रॅम (म्हणजे हीच मेमरी) वाढवा नाहीतर ब्राउझरचे टॅब कमी करा. आणि डिस्क, मेमरी दोन्ही रिकामं असून थोड्या वेळाने मशीन मंदावत असेल, पंखा ओरडत असेल, तर प्रोसेसर तापतोय. बरेच प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचले की स्वतःला वाचवायला आपणहून वेग कमी करतात. धूळ साफ करा, पंख्याचं पातं बोटाने धरून ब्लोअर मारा.

पीसी चालू होऊन नुसता बीप बीप करतोय आणि स्क्रीन काळी, हा पावसाळ्यातला नेहमीचा प्रकार. रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्यांवर खोडरबर फिरवायचा हा उपाय आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे आणि तो चालतो पण. मात्र सोन्याचा थर अत्यंत पातळ असतो, दरवेळी घासत राहिलात तर तो जायचा. म्हणून आधी रॅम नुसती काढून परत घट्ट बसवून बघा, बऱ्याचदा तेवढंच पुरतं कारण दोष मळापेक्षा सैल बसण्याचा असतो. नाही झालं तरच हलक्या हाताने रबर. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघायच्या. आणि हात घालायच्या आधी वायर काढून कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा, आपल्याला जाणवणार पण नाही एवढ्या स्थिर विजेने चिप मरू शकते.

काही ठिकाणी मात्र हात लावायचाच नाही. एसएमपीएसचा, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा उघडू नका, घरातल्या २३० व्होल्टच्या एसी विजेचं डीसी केल्यावर आतल्या कपॅसिटरवर (वीज साठवणाऱ्या भागावर) ३२५ व्होल्टच्या आसपास चढतात आणि वायर काढल्यावर सुद्धा काही वेळ टिकतात. लॅपटॉपची बॅटरी फुगली असेल तर चार्जिंग बंद, दाबायची नाही, टोचायची नाही, सर्व्हिस सेंटरला द्यायची. आणि हार्ड डिस्कमधून टकटक असा ठराविक आवाज येत असेल तर त्याच क्षणी मशीन बंद करा, पुन्हा चालू करून बघू नका, त्या डिस्कचा बॅकअप नसेल आणि आतलं खरंच हवं असेल तर ती तशीच डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.