एका शहरापुरतं लेबल: डिस्कॉर्डच्या छोट्या बातम्यांमागची मोठी गोष्ट

'डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स' या अमेरिकेतल्या छोट्या संगीत कंपनीकडून, म्हणजे लेबलाकडून, नव्या प्रकाशनांची बातमी येते ती बहुतेक वेळा चार ओळींची. अमुक बँडची जुनी तबकडी पुन्हा छापून आली, तमुक बँडच्या जुन्या टेप स्वच्छ करून काढल्या, एखादा नवा अल्बम अमुक तारखेला येतोय, किंमत इतकी. 2023 मध्ये 'मायनर थ्रेट' या बँडची 1983 सालच्या रेकॉर्डिंगमधून मागे राहिलेली तीन गाणी अशीच बाहेर आली. 2020 मध्ये 'कोरिकी' या नव्या बँडच्या पहिल्या अल्बमची बातमी दोनदा बदलावी लागली, कारण मार्चमध्ये तो यायचा आणि नेमकी दुकानं बंद झाली. शेवटी 12 जूनला तो आला. एवढ्यातेवढ्या बातम्या, पण जगभरचे लोक त्यांची वाट बघतात. का, हे समजायचं तर 1980 च्या वॉशिंग्टनमध्ये, अमेरिकेच्या राजधानीत, जावं लागेल.

तिथे 'टीन आयडल्स' नावाचा चार शाळकरी पोरांचा पंक, म्हणजे वेगवान, खडबडीत, बंडखोर रॉक वाजवणारा बँड होता. इयन मकाय बास गिटार वाजवायचा, जेफ नेल्सन ड्रम. वर्षभरात मिळालेले पैसे त्यांनी वाटून घेतले नाहीत, एका सिगारच्या खोक्यात टाकत गेले. नोव्हेंबरमध्ये बँड मोडला तेव्हा खोक्यात सहाशेच्या आसपास डॉलर होते. वाटून घेतले असते तर प्रत्येकाच्या हाती फारसं काही आलं नसतं. आर्लिंग्टनमध्ये डॉन झिएन्टारा या गृहस्थांनी आपल्या घरीच थाटलेल्या 'इनर इअर' स्टुडिओत त्यांनी काही गाणी रेकॉर्ड करून ठेवली होती. बँड संपला होता, पण गाणी होती आणि पैसे होते. त्यांनी तबकडी काढायचं ठरवलं. मोडलेल्या बँडची तबकडी कोणती कंपनी काढणार? म्हणून कंपनीही आपलीच. तिचं नाव 'डिस्कॉर्ड'. या शब्दात बेसूरही आहे आणि भांडणही, आणि स्पेलिंगमध्ये एक जादा अक्षर घालून पोरांनी त्यात वाद्याचा 'कॉर्ड'ही, म्हणजे एकत्र वाजणारे सूरही, बसवला.

रेकॉर्ड छापून कशी घेतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. शेजारच्या मेरीलँडमध्ये स्किप ग्रॉफ यांचं रेकॉर्डचं दुकान होतं, त्यांनी वाट दाखवली. तबकड्या छापून आल्या, पण कव्हर तयार करून घेणं परवडेना. मग त्यांनी इंग्लंडहून आलेल्या एका सिंगलचं, म्हणजे एक-दोन गाण्यांच्या छोट्या तबकडीचं, कव्हर हलक्या हाताने डिंक सोडवून पूर्ण उलगडलं, सपाट केलं आणि त्याचा आकार कागदावर गिरवून घेतला. कुठे कापायचं, कुठे दुमडायचं, डिंक लावायची पट्टी किती रुंद ठेवायची, हे सगळं त्या एका कव्हरवरून कळलं. छापखान्यातून मोठे कागद आणले आणि मित्रमंडळींना बसवून कात्री नि डिंकाने एकेक कव्हर हाताने तयार केलं. पहिली आवृत्ती हजार प्रतींची. पुढच्या काही तबकड्यांची हजारो कव्हरं अशीच घरी बसून झाली.

त्या पहिल्या कव्हरवर दोन मुठी आहेत आणि मुठींच्या पाठीवर काळ्या शाईने काढलेली मोठी फुली. ती फुली सॅन फ्रान्सिस्कोहून आली होती. तिथल्या एका क्लबात अल्पवयीन पोरांना दारू देऊ नये म्हणून त्यांच्या हातांवर फुली काढत आणि गाणं ऐकायला आत सोडत. टीन आयडल्स तिथे वाजवायला गेले होते. परत आल्यावर त्यांनी वॉशिंग्टनच्या '9:30 क्लब'ला हाच तोडगा सुचवला: आम्ही फुली काढतो, दारू पीत नाही, पण आम्हाला दाराबाहेर ठेवू नका. सोळा वर्षांच्या मुलाला गाणं ऐकायला मिळालं पाहिजे, हा आग्रह या लेबलाने पुढे कधीच सोडला नाही.

पहिल्या विक्रीतून पैसे सुटले की दुसरी तबकडी काढायची, असं ठरलं. दुसरी 'एस.ओ.ए.' या बँडची. त्याचा गायक तेव्हा आइस्क्रीमच्या दुकानात काम करायचा. पुढे नावाजलेला गायक हेन्री रोलिन्स तो हाच. तिसरी मकाय आणि नेल्सनच्या नव्या बँडची, म्हणजे मायनर थ्रेटची. 1981 च्या शरदात त्यांनी पोटोमॅक नदीपलीकडे आर्लिंग्टनमध्ये एक घर भाड्याने घेतलं. तळघरात तालीम, वर राहायची सोय, एका खोलीत लेबलाचा कारभार. ते 'डिस्कॉर्ड हाऊस'. 1982 च्या सुरुवातीला शहरातल्या अनेक बँडची गाणी एकत्र करून एक एलपी, म्हणजे मोठी तबकडीही काढली.

इथे दोन नियम पक्के झाले. पहिला: फक्त वॉशिंग्टन आणि आसपासचे बँड. बाहेरून कितीही चांगली टेप आली तरी नाही. अनेकांना यात हेका दिसला, मला समजूत दिसते. ज्यांच्याबरोबर आपण वाढलो, ज्यांचे कार्यक्रम आपण पाहिले, त्यांच्याच कामाची नोंद आपण खरेपणाने ठेवू शकतो, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून दुकान म्हणण्यापेक्षा या लेबलाला शहराची बखर म्हणणं मला जास्त बरोबर वाटतं. दुसरा नियम: कागदावर करार नाही. सगळं तोंडी. खर्च निघाला की नफ्यात बँडचा वाटा.

आता पैशांचं. छोट्या लेबलांची गोष्ट सांगताना हा भाग नेहमी वगळला जातो आणि खरी मेख तिथेच असते. तबकडी छापणारा कारखाना पैसे आधी मागतो. वितरक माल उचलतो, पण पैसे दोन-तीन महिन्यांनी देतो, कधी त्याहून उशिरा, कधी बुडवतोही. म्हणजे तबकडी खपली नाही तर नुकसान आहेच, पण झपाट्याने खपली तर जास्त पंचाईत. लोक मागतायत, दुसरी आवृत्ती हवी आहे, आणि पहिल्या आवृत्तीचे पैसे अजून उधारीत अडकलेले. 1983 मध्ये मायनर थ्रेटच्या 'आउट ऑफ स्टेप'चं नेमकं हेच झालं. पहिली आवृत्ती हातोहात गेली आणि पुढची छापायला गल्ल्यात पैसे नाहीत. जगातली कितीतरी लेबलं या टप्प्यावर बुडाली किंवा विकली गेली.

डिस्कॉर्डला लंडनच्या जॉन लोडर यांनी हात दिला. त्यांचा 'सदर्न' हा स्टुडिओ होता आणि वितरणही ते बघत. त्यांनी सांगितलं, छपाईचा खर्च आम्ही आधी करतो, विक्रीतून वळता करून घेऊ. त्यामुळे डिस्कॉर्डला एक गोष्ट साधली जी फार थोड्यांना साधते: जुनी तबकडी कायम उपलब्ध ठेवणं. आजच्या बातम्यांत जुन्याच अल्बमच्या नव्या आवृत्त्या इतक्या का दिसतात, त्याचं एक मूळ इथे आहे. संगीत नवं असो की जुनं, मागणाऱ्याला ते मिळालं पाहिजे, हे लेबल स्वतःचं काम मानतं.

मायनर थ्रेट 1983 मध्ये मोडला. पुढच्या वर्षभरात कार्यक्रमांत मारामाऱ्या वाढल्या आणि ज्यांनी हे सगळं उभं केलं तेच मागे सरले. 1985 च्या वसंतात एमी पिकरिंग या तरुणीने वर्तमानपत्रातली अक्षरं कापून, चिकटवून निनावी चिठ्ठ्या तयार केल्या आणि ओळखीच्यांना धाडल्या. मजकूर इतकाच की तयार राहा, हा क्रांतीचा उन्हाळा आहे. कुणी पाठवल्या कळेना, पण पोरं कामाला लागली. त्या उन्हाळ्यात 'राइट्स ऑफ स्प्रिंग', 'एम्ब्रेस', 'बीफईटर' असे नवे बँड वाजू लागले, आवाज बदलला, गाणी स्वतःकडे बघू लागली. दक्षिण आफ्रिकेच्या वकिलातीसमोर वर्णद्वेषाविरुद्ध बादल्या नि ढोल बडवत निदर्शनं झाली. पिकरिंग पुढे 'फायर पार्टी' या मुलींच्या बँडमध्ये गायल्या. तो बँडही डिस्कॉर्डचाच.

मग 1987 मध्ये 'फुगाझी' आला: मकाय, गी पिचोटो, जो लॅली, ब्रेंडन कँटी. यांची तिकिटं साधारण पाच डॉलर, प्रवेश सगळ्या वयांना. अल्बमच्या कव्हरवर टपालखर्चासह किंमत छापलेली, म्हणजे दुकानदाराने चढवून लावली तर गिऱ्हाइकाला कळावं आणि हवं तर त्याने सरळ पत्र टाकून मागवावं. नव्वदच्या दशकात 'निर्वाणा' या रॉक बँडच्या यशानंतर मोठ्या कंपन्या अशा बँडच्या मागे हात धुऊन लागल्या होत्या. 'अटलांटिक रेकॉर्ड्स' या मोठ्या कंपनीचे सहसंस्थापक अहमत एर्तेगुन 1993 मध्ये न्यूयॉर्कच्या कार्यक्रमात स्वतः फुगाझीला भेटायला आले. बँडने नाही म्हटलं. त्याच वर्षी आलेला त्यांचा अल्बम डिस्कॉर्डच्याच बळावर अमेरिकेतल्या खपाच्या मुख्य यादीत पोचला.

त्या अल्बमची आणखी एक हकीकत आजच्या बातम्यांशी जोडलेली आहे. 1992 मध्ये बँड शिकागोला स्टीव्ह अल्बिनी या ध्वनिमुद्रकाकडे गेला होता. तिथे गाणी रेकॉर्ड झाली, पण घरी येऊन ऐकल्यावर समाधान होईना. ती बाजूला ठेवून इनर इअरमध्ये सगळं पुन्हा केलं. शिकागोच्या टेपच्या कॉप्या वर्षानुवर्षं हातोहात फिरत राहिल्या. अल्बिनी 2024 मध्ये गेले. पुढच्या वर्षी फुगाझीने ते रेकॉर्डिंग अधिकृतपणे बाहेर काढलं आणि मिळणारे पैसे मदतकार्याला दिले.

करार नसण्याची खरी परीक्षाही त्याच काळात झाली. डिस्कॉर्डच्या बँडपैकी 'जॉबॉक्स' अटलांटिककडे गेला, 'शडर टू थिंक' एपिक या दुसऱ्या मोठ्या कंपनीकडे. डिस्कॉर्डकडे त्यांना अडवायला कागद नव्हता आणि अडवायची इच्छाही नव्हती. जॉबॉक्सचा 1994 चा अटलांटिकवरचा अल्बम मोठ्या कंपनीच्या हिशेबात बसला नाही, बँड काही वर्षांत थांबला. 2009 मध्ये तोच अल्बम आवाज नव्याने घासूनपुसून आला तो जॉबॉक्समधल्यांचं स्वतःचं लेबल 'डीसोटो' आणि डिस्कॉर्ड यांच्या जोडनावाने. पंधरा वर्षांनी दार उघडंच होतं. जाताना कुणी भांडून गेलं नव्हतं म्हणून परतता आलं. करार असता तर असं झालं असतं का, मला शंका आहे.

फुगाझीचे शेवटचे कार्यक्रम नोव्हेंबर 2002 मध्ये लंडनला झाले. बँड मोडल्याचं त्यांनी कधी जाहीर केलं नाही, त्यामुळे दरवर्षी पुनरागमनाच्या अफवा उठतात आणि विरतात. पण त्यांचे ध्वनितंत्रज्ञ बहुतेक कार्यक्रम टेपवर घेत असत. हजारांहून अधिक कार्यक्रमांपैकी आठशेच्या वर रेकॉर्डिंग जपून राहिली होती. डिसेंबर 2011 पासून ती एकेक करून ऐकायला खुली झाली, सुचवलेली किंमत प्रत्येकी पाच डॉलर, म्हणजे तेव्हाच्या तिकिटाइतकीच. त्यात तुटलेल्या तारा आहेत, मध्येच गाणं थांबवून 'मागे सरा, पुढच्यांना चेंगरू नका' असं प्रेक्षकांना सांगणं आहे. वाद्यं जुळवतानाची शांतताही आहे, आणि मला ती गाण्यांइतकीच आवडते.

दरम्यान शहर बदललं. 2014 मध्ये वॉशिंग्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाने पंकचं स्वतंत्र संग्रहदालन सुरू केलं: पत्रकं, टेप, हाताने काढलेली मासिकं. इनर इअर 1990 पासून ज्या इमारतीत होता ती आर्लिंग्टन कौंटीने घेतली आणि 2021 मध्ये तिथला स्टुडिओ बंद झाला. लेबल मात्र आर्लिंग्टनमध्येच आहे. चार दशकांत त्याच्या यादीत दोनशेच्या आसपास प्रकाशनं जमली आहेत. एवढी तर मोठ्या कंपनीची थोड्या वर्षांतच होतात. पण नवा बँड निघतो तो बहुतेक वेळा याच मंडळींतून. कोरिकीमध्ये मकायबरोबर त्यांची पत्नी एमी फरीना आणि फुगाझीचे लॅली आहेत. 'मेसथेटिक्स'मध्ये लॅली आणि कँटी, सोबत गिटारवर अँथनी पिरोग. त्यांचा पहिला अल्बम 2018 मध्ये डिस्कॉर्डने काढला.

आणि सिगारच्या खोक्यातल्या पैशांतून निघालेली ती पहिली तबकडी? तिची गाणी सुरुवातीच्या इतर तबकड्यांबरोबर एकत्र करून पुन्हा काढली गेली आणि ती आजही विकत मिळतात. लेबलाच्या यादीत टीन आयडल्सच्या नावापुढे क्रमांक आहे 1.