बॉटल ग्रीन की गडद शेवाळी?

शेड कार्डाच्या शेवटच्या पट्टीत हे दोन्ही हिरवे जवळजवळ काळेच दिसतात. बेळगावातल्या शहापूरच्या आमच्या जुन्या घराचा सोपा, म्हणजे पुढची बैठकीची खोली, रंगवायचा ठरला तेव्हा मला शेवाळी हवा होता; घाईत बॉटल ग्रीनवर बोट ठेवलं. पहिला हात वाळला आणि पेंटरमामा म्हणाले, "हे निळं मारतंय की ओ!"

सगळा फरक त्या 'मारण्यात' आहे. काळ्याला 0 आणि पांढऱ्याला 100 धरलं, तर भिंतीवरून परत येणारा उजेड दोन्ही रंगांत साधारण 10 च्या आतच असतो. म्हणजे गडदपणात दोघे भाऊभाऊ. पण बॉटल ग्रीनची ओढ निळ्याकडे असते, शेवाळीची पिवळ्या मातीकडे. डबा उघडून नुसतं बघितलं तर हे कळत नाही. चमचाभर रंग पाण्यात मिसळणाऱ्या पांढऱ्या प्रायमरच्या वाटीत घालून ढवळा. बॉटल ग्रीन असेल तर वाटीत गार, निळसर हिरवा उतरतो. शेवाळी असेल तर सालीच्या मूगडाळीचं वाटण असावं तसा मळकट पिवळा-हिरवा. इतकी खात्रीची परीक्षा मला दुसरी माहीत नाही.

आता उजेडाचं. बेळगाव-खानापूरकडे जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं असतं, आणि ढगाळ उजेड मुळातच निळसर. त्यात बॉटल ग्रीन आणखी गारठतो, कौलारू घराचे कोपरे काळे पडतात. 6500 केल्विनची (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगछटेचं माप) पांढरी ट्यूब लावली तरी तेच. शेवाळी अशा दिवसांत थोडा राखाडी होतो, पण ऊब सोडत नाही. 2700 केल्विनच्या पिवळ्या दिव्याखाली तर तो तपकिरीकडे झुकून छान खुलतो. त्याच दिव्यात बॉटल ग्रीनची निळाई मात्र विझते. म्हणून लहान खिडक्या, सागवानी तुळया असलेल्या घरात मी शेवाळीच सुचवेन, लाकडाशी तो मिसळून जातो. टिळकवाडीतल्या मोठ्या खिडक्यांच्या फ्लॅटमध्ये बॉटल ग्रीन घ्या. पितळ आणि इरकलीचा लाल पदर यांच्यामागे त्याच्यासारखा रंग नाही.

बाकी कटकटी दोघांच्या सारख्याच. गडद शेडच्या बेसमध्ये, म्हणजे ज्यात छटा मिसळतात त्या मूळ रंगात, पांढरं टायटॅनियम डायऑक्साइड फारसं नसतं, त्यामुळे रंग खालची भिंत नीट झाकत नाही. खाली राखाडी छटेचा प्रायमर मारा, वर दोनऐवजी तीन हात धरा. भिंतीला ओल असेल तर आधी ती काढा, कारण ओलीबरोबर भिंतीतून बाहेर येणाऱ्या क्षारांचे पांढरे डाग हिरव्यावर लांबून दिसतात. आणि खुर्च्या टेकतात तिथं अगदी मॅट नको, घासल्याच्या चकाकत्या रेघा पडतात.

आमच्या सोप्याला शेवटी शेवाळी लागला, तोही दोन फुटी पुठ्ठा रंगवून सकाळ, दुपार, रात्र भिंतीला टेकवून बघितल्यावर. उरलेला बॉटल ग्रीन देवघरातल्या पूर्वेच्या खिडकीसमोरच्या छोट्या भिंतीला पुरला. सकाळी आठच्या सुमारास तिथं ऊन येतं, आणि समईमागे तो विहिरीच्या पाण्यासारखा खोल दिसतो.