राष्ट्राध्यक्षांविरुद्ध चिथावणीचा भरपाई दावा (अमेरिका): पात्रता, कागदपत्रे, प्रक्रिया

राष्ट्राध्यक्षांच्या भाषणानंतर जमाव भडकला आणि त्यात कुणी जखमी झाले, तर त्या व्यक्तीला फौजदारी खटला भरता येत नाही. ते काम सरकारी वकिलांचे. भरपाईचा दिवाणी दावा मात्र लावता येतो. ६ जानेवारी २०२१ च्या कॅपिटल (अमेरिकी संसद भवन) हल्ल्यानंतर पोलिसांनी आणि काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) काही सदस्यांनी तो लावला.

पात्रता: नुकसान स्वतःचे हवे. दुखापत, मालमत्तेची हानी, कामात अडथळा चालतो. नुसता संताप चालत नाही.

दावे अडतात ते राष्ट्राध्यक्षांना दाव्यापासून मिळणाऱ्या संरक्षणाच्या मुद्द्यावर. सर्वोच्च न्यायालयाच्या निक्सन विरुद्ध फिट्झजेराल्ड (१९८२) निकालानुसार पदाच्या कामाच्या कक्षेत अगदी कडेला येणाऱ्या कृत्यासाठीही राष्ट्राध्यक्षांकडून भरपाई मागता येत नाही, पद सोडल्यावरही नाही. खासगी कृत्याला हे कवच नाही, आणि तो दावा पदावर असतानाही चालतो (क्लिंटन विरुद्ध जोन्स, १९९७). डिसेंबर २०२३ मध्ये वॉशिंग्टन डी.सी.च्या संघीय अपील न्यायालयाने आणखी एक रेघ ओढली: पुन्हा निवडून येण्यासाठी उमेदवार म्हणून केलेली कृती पदाची नव्हे. म्हणून भाषणातल्या जहाल वाक्यांइतकेच हेही जमवा: सभेचा खर्च कुणी केला, आयोजन प्रचारयंत्रणेचे की व्हाइट हाउसचे, निमंत्रणे कुणी पाठवली. बहुतेक जण नेमके इथेच कमी पडतात.

भाषणाची संपूर्ण प्रत जोडा, कात्रणे नकोत. भाषणस्वातंत्र्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेल्या ब्रँडेनबर्ग (१९६९) कसोटीनुसार बोलण्याचा रोख तत्काळ बेकायदा कृतीकडे होता आणि तशी कृती घडण्याची शक्यताही होती, हे दाखवावे लागते. दोन वाक्ये उचलून ते सिद्ध होत नाही. सोबत वैद्यकीय अहवाल, बिले, चित्रफिती.

घटना घडली त्या भागातल्या संघीय जिल्हा न्यायालयात तक्रार, मुखपृष्ठ अर्ज (जेएस ४४) आणि समन्स (एओ ४४०) द्यावे. शुल्क ४०५ डॉलर. ऐपत नसल्यास माफीचा अर्ज करता येतो. मुदतीकडे दुर्लक्ष नको: वॉशिंग्टन डी.सी.मध्ये मारहाणीच्या दाव्याला एकच वर्ष मिळते.

समन्स ९० दिवसांत बजावायचे, तेही स्वतः नाही. किमान १८ वर्षांच्या त्रयस्थाकडून. सरकारी कामाशी संबंध निघण्याची शक्यता असेल तर ॲटर्नी जनरल आणि स्थानिक संघीय वकील कार्यालयालाही प्रती पाठवा.