माळरान वाचवण्याचा सरकारी शब्द

ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहराच्या पश्चिमेला लाव्ह्याच्या थरांवर पसरलेलं एक सपाट माळरान आहे. खडक बेसाल्टचाच, आपल्या दख्खनच्या पठारासारखा, फक्त वयाने कितीतरी लहान. तिथलं मुख्य गवत थिमेडा ट्रायअँड्रा भारतातही उगवतं. १८३५ नंतर युरोपीय वसाहतवाले आले, त्यांच्या मेंढ्या आल्या, पाठोपाठ नांगर आणि शहर आलं. आज मूळ माळरानाचा ५ टक्क्यांहूनही कमी भाग उरला आहे.

२००८ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने या माळरानाची नोंद 'अतिसंकटग्रस्त जीवसमुदाय' अशी केली. ऑस्ट्रेलियाच्या १९९९च्या पर्यावरण कायद्यात एखाद्या प्राण्याला किंवा झाडाला जसं संरक्षण मिळतं, तसं एकत्र नांदणाऱ्या सगळ्या जिवांच्या समुदायालाही मिळू शकतं. ही तरतूद मला फार मोलाची वाटते. कारण माळरानावर कोण कोणावर अवलंबून आहे, हे वरून दिसतच नाही.

तिथला सोनेरी सूर्यपतंग घ्या. त्याची अळी जमिनीखाली गवताची मुळं खाऊन वाढते. पतंग बाहेर येतो तेव्हा त्याला खाण्यासाठी तोंडच नसतं. मोजक्या दिवसांत जोडीदार शोधायचा, अंडी घालायची आणि संपायचं. मादी जेमतेम उडते. नरही गवत सोडून फार लांब जात नाही. दोन माळांच्या मध्ये काही शे मीटरची वसाहत उभी राहिली, की एका माळावरून नाहीसा झालेला पतंग दुसऱ्या माळावरून परत येत नाही.

आणि नुसतं कुंपण घालूनही भागत नाही. थिमेडाला अधूनमधून आगीची गरज असते. तिथले मूळ रहिवासी हजारो वर्षं ठरावीक काळाने माळ जाळत आले. आग थांबली की वाळलेलं गवत साचत जातं, बुंध्यांमधल्या मोकळ्या जागा बुजतात, रानफुलांना ऊन मिळत नाही आणि शेवटी गवतही गुदमरून मरतं. मोकळ्या झालेल्या मातीत परदेशी तण शिरतं. म्हणजे दुर्लक्षानेही माळ मरतो, त्यासाठी बुलडोझर लागत नाही.

म्हणूनच पुढची गोष्ट मला अस्वस्थ करते. मेलबर्नला पश्चिमेकडे वाढायची परवानगी देताना व्हिक्टोरिया राज्य सरकारने २०१०च्या सुमारास कबूल केलं की १५,००० हेक्टर माळरान २०२० पर्यंत विकत घेऊन राखीव करू. पैसा बिल्डरांकडून घेतल्या जाणाऱ्या शुल्कातून येणार होता. २०२० मध्ये राज्याच्या महालेखापरीक्षकांनी तपासणी केली, तेव्हा जेमतेम १० टक्के जमीन ताब्यात आलेली होती. उरलेली खासगी मालकीतच राहिली आणि तिच्यावर तण वाढत गेलं. घरांना परवानगी आधी आणि जमीनखरेदी शुल्क जमेल तशी, हा क्रमच चुकीचा होता. कायदा होता, यादीत नाव होतं, लेखापरीक्षकांनी चूक दाखवली हेही खरं. पण गेलेली दहा वर्षं त्या गवताला परत मिळत नाहीत.

तरीही त्या माळावर अजून काय तग धरून असेल ते पाहा: १९६९ नंतर कोणालाच न दिसलेला बाह्यकर्ण नसलेला एक छोटा सरडा २०२३ मध्ये मेलबर्नच्या पश्चिमेलाच पुन्हा सापडला.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात जातींच्या अनुसूची आहेत, अभयारण्यं आहेत. २००२च्या जैवविविधता कायद्यात वारसास्थळांची सोय आहे. जीवसमुदायांची यादी मात्र कुठल्याच कायद्यात नाही. माळढोक पहिल्या अनुसूचीत आहे, पण अभयारण्याच्या हद्दीबाहेर तो ज्या गवतात अंडी घालेल, त्या गवताला स्वतःचं असं संरक्षण नाही. उलट पुणे-सोलापूरकडची अशी पुष्कळ माळरानं सरकारी नकाशात पडीक जमिनीत मोडतात, आणि वृक्षलागवड किंवा सौरप्रकल्पासाठी जागा शोधताना नजर आधी तिथेच जाते. केंद्राने जीवसमुदायांची यादी करावी, राज्याने या माळांचा पडीक हा शिक्का काढावा, आणि प्रकल्पाला मंजुरी देण्याआधी बदल्यातली जमीन सरकारच्या ताब्यात आलेली असावी. ही शेवटची अट व्हिक्टोरियात घातली गेली नव्हती.